स्वर्गाचं चित्र मनात रंगवताना : सुरुवात कुठून करायची, थांबायचं कुठे

सांत्वन सभेत, संडेस्कूलच्या वर्गात किंवा दफनभूमीतून घरी परतताना गाडीत मरणानंतरचा विषय निघाला, की दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. एकाला तिथला सगळा तपशील पाठ असतो : घरं केवढी, रस्ते कसे, दारावर कोण उभं. दुसरा ‘डोळ्याने पाहिलं नाही, कानाने ऐकलं नाही’ एवढं म्हणून विषय मिटवून टाकतो. या दुसऱ्याने पुढचं वचन वाचलेलं नसतं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नवव्या वचनात पौल हे म्हणतो आणि लगेच दहाव्यात सांगतो, की देवाने ते आत्म्याच्या द्वारे आपल्याला प्रकट केलं आहे. पहिल्याने बहुधा वचन वाचलेलंच नसतं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ पाहिलेला असतो.

कल्पना करणं हा गुन्हा नाही. पवित्र शास्त्रच चित्रांतून बोलतं, मग आपण डोळे मिटून कसं चालेल? बिघडतो तो क्रम. मनात आधी चित्र पक्कं होतं आणि मग त्याला टेकू म्हणून वचन शोधलं जातं. खालचे टप्पे उलट दिशेने जातात. संडेस्कूलचे शिक्षक, सांत्वन सभेत चार शब्द बोलायला उभे राहणारे घरचे लोक आणि स्वतःच्या दुःखात या प्रश्नाशी झगडणारे, तिघांनाही हाच क्रम उपयोगी पडतो.

## तयारी

एक वही, एक पेन्सिल आणि पवित्र शास्त्र. पेनने लिहू नका, बरंच खोडावं लागणार आहे.

आधी हे उतारे सलग वाचून काढा : यशया २५:६-९ आणि ६५:१७-२५, लूक २४, योहान २० आणि २१, करिंथकरांस पहिलं पत्र १५, थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र ४:१३-१८, प्रकटीकरण २१ आणि २२. दीड-दोन तास पुरतात. एखाद-दुसरं आवडतं वचन उचलून पुढे जाऊ नका. निम्मे घोटाळे तिथेच होतात.

मग वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात लिहा : मी हे कोणासाठी करतोय? आई गेल्यावर स्वतःच्या मनासाठी, सहा वर्षांच्या मुलासाठी, की दीडशे माणसांसमोर बोलण्यासाठी? उत्तर बदललं की शेवटचा टप्पा बदलतो.

आपल्या मंडळीची (चर्चची) शिकवणही ठाऊक हवी. कॅथलिक घरात शुद्धिस्थानाचा, म्हणजे मरणानंतर आत्म्याची शुद्धी होण्याच्या अवस्थेचा विचार येणारच, २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावताना मृतांसाठी प्रार्थना होणारच. प्रॉटेस्टंट मंडळीत ती सहसा नसते. इथे कोणाचं बरोबर हे ठरवत बसायचं नाही. आपण कोणत्या अंगणात उभे आहोत एवढं लक्षात ठेवायचं.

सावधान : मृत्यू झाला त्याच रात्री हे काम हाती घेऊ नका. त्या रात्री माणसाजवळ बसायचं असतं. लाजराच्या कबरीशी येशू रडला, आणि थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे त्याला ठाऊक होतं.

## टप्पा १ : प्रश्न नेमका कोणत्या काळाचा, ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे घाई नको.

ख्रिस्ती आशेत दोन गोष्टी आहेत. एक, मरण आल्यापासून पुनरुत्थानापर्यंतचा काळ. दुसरी, पुनरुत्थान आणि नवं आकाश, नवी पृथ्वी. बोलताना आपण दोन्ही ‘स्वर्ग’ या एकाच शब्दात कोंबतो.

पहिल्या काळाबद्दल शास्त्र फार कमी बोलतं. वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला येशू सांगतो, की तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील (लूक २३:४३). पौल म्हणतो, की इथून जाऊन ख्रिस्ताजवळ असणं फार चांगलं (फिलिप्पैकरांस १:२३). घर, रस्ता, बाग, जेवण यांतलं काही तिथे वर्णिलेलं नाही. ‘ख्रिस्ताबरोबर’ एवढंच.

सोन्याचा रस्ता, मोत्यांच्या वेशी, नदी, बारा प्रकारची फळं देणारं झाड ही चित्रं दुसऱ्या गोष्टीची आहेत. आणि प्रकटीकरण २१:२ नीट वाचा : नवं यरुशलेम नावाचं ते नगर वरून खाली उतरतं. माणसं वर जाऊन तिथे राहत नाहीत. देव माणसांत येऊन वस्ती करतो. ‘आजोबा आता सोन्याच्या रस्त्यावर फिरत असतील’ या वाक्यात शेवटच्या दिवसाचं चित्र कालच्या दफनविधीला चिकटवलेलं आहे.

तपासा : तुमच्या मनातलं प्रत्येक वाक्य वहीत लिहा आणि पुढे ‘आत्ता’ किंवा ‘तेव्हा’ लिहा. ‘आत्ता’च्या यादीत चारपेक्षा जास्त ओळी झाल्या असतील, तर बहुतेक काही ओळी चुकीच्या यादीत आल्या आहेत.

## टप्पा २ : तीन रकाने

पानावर तीन रकाने आखा. पहिला : शास्त्र सरळ सांगतं. दुसरा : शास्त्र चित्रात सांगतं. तिसरा : आपण भर घातली. मग तुमच्या मनातलं चित्र त्यात वाटून टाका.

नेहमी ऐकू येणारा नमुना घेऊ : ‘आजी आता देवदूत झाली. पांढरा झगा घालून, पंख लावून ती ढगांवर बसून वीणा वाजवत असेल. दारावर संत पेत्र किल्ल्या घेऊन उभा असेल.’

पांढरा झगा प्रकटीकरण ७:९ मध्ये आहे, दुसरा रकाना. वीणा ५:८ आणि १५:२ मध्ये आहेत, त्याही दुसऱ्यात. ढग आहेत, पण ते प्रभूच्या येण्याशी जोडलेले (थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र ४:१७), बसायची जागा म्हणून नाहीत. माणसांना पंख कुठेही नाहीत. ‘देवदूत झाली’ हे तर साफ तिसऱ्यात : मत्तय २२:३० मध्ये येशू ‘देवदूतांसारखे’ म्हणतो, तेही लग्नाच्या प्रश्नाला उत्तर देताना. पेत्राला किल्ल्या दिल्याचा उल्लेख मत्तय १६:१९ मध्ये आहे, पण नव्या यरुशलेमेच्या बारा वेशींवर बारा देवदूत आहेत आणि त्या वेशी कधीच बंद होत नाहीत. उघड्या दाराला किल्लीवाला कशाला?

तिसऱ्या रकान्यातलं सगळं फेकून द्यायचं असं नाही. ते तिसऱ्यातलं आहे हे ठाऊक असलं म्हणजे झालं. पंख आणि किल्लीवाला मात्र खुशाल खोडा, कारण ते दुसऱ्या रकान्याशी भांडतात.

## टप्पा ३ : चित्राला विचारा, तू काय सांगतोस?

दुसऱ्या रकान्यातलं एकेक चित्र घ्या. ‘हे खरंच असं असेल का’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाला यातून काय सांगायचंय’ हे विचारा. दोन उदाहरणं सविस्तर बघू.

नगराची मापं. प्रकटीकरण २१:१६ प्रमाणे नगर बारा हजार स्टेडिया (अंतराचं जुनं ग्रीक माप) लांब, तेवढंच रुंद आणि तेवढंच उंच, म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे २,२०० किलोमीटर. मुंबईहून रेल्वेने कोलकात्याला जाण्यापेक्षाही हे अंतर जास्त, आणि तेवढंच वर आकाशात. त्याभोवतीची भिंत १४४ हात, म्हणजे जेमतेम ६५ मीटर. नकाशा म्हणून वाचलं तर हे कुठल्याच इंजिनिअरला पटणार नाही. आता राजे पहिले पुस्तक ६:२० उघडा. शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्र स्थान वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच होतं. लांबी, रुंदी, उंची सारखी असलेली मंदिरातली ती खोली, आणि तिथे वर्षातून एकदा, एकटा महायाजक जाई. आता अख्खं नगरच तसं आहे. म्हणून त्यात मंदिर नाही (२१:२२), आणि सगळे देवाचं मुख पाहतात (२२:४). ज्याला फक्त २,२०० किलोमीटर लक्षात राहिले, त्याच्या हातून मुद्दा निसटला. त्याच नगरात आणखी किती मजले बसतील, याची गणितं मांडणारेही आहेत. त्यांच्याशी वाद घालू नका, राजे ६:२० दाखवा.

समुद्र. ‘समुद्र राहिला नाही’ (२१:१) हे वचन उत्तनच्या किंवा वसईच्या कोळीवाड्यातल्या मुलासमोर नुसतं वाचून पुढे गेलात, तर त्या मुलाच्या दृष्टीने स्वर्ग तिथेच संपला. ज्याच्या घरच्या होड्या किनाऱ्याला लागतात, त्याला समुद्राविना सुख कसलं? आता या पुस्तकात समुद्र काय काय करतो ते पाहा. त्यातून श्वापद वर येतं (१३:१). तो आपल्यातले मेलेले परत देतो (२०:१३). आणि लिहिणारा पात्म नावाच्या बेटावर अडकलेला आहे (१:९), म्हणजे त्याच्या आणि त्याच्या मंडळ्यांच्या मधोमध समुद्रच आहे. वादळात गेलेला बाप, न सापडलेलं प्रेत हे कोळीवाड्याला सांगायला नको. तो समुद्र राहत नाही. पोहायला, मासे धरायला पाणी असेल की नाही, याबद्दल हे वचन बोलतच नाही.

तपासा : प्रत्येक चित्रापुढे एक साधं वाक्य लिहिता आलं पाहिजे : ‘धोका संपला’, ‘देव जवळ आला’, ‘कोणालाही बाहेर ठेवलेलं नाही’. वाक्य सुचत नसेल, तर ते चित्र सध्या वापरू नका.

## टप्पा ४ : उठलेल्या येशूपाशी थांबा

पुनरुत्थानानंतरचं जीवन कसं असेल याचा एकच नमुना आपल्या हातात आहे. पौल ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हणतो (करिंथकरांस पहिलं पत्र १५:२०). कल्पनेला इथे पुरेसं खाद्य आहे, तरी बहुतेक लोक हा टप्पा ओलांडून थेट सोन्याच्या रस्त्यावर जातात.

योहान २१ घ्या. पंधरा मिनिटं, मोबाइल बाजूला. पहाट, गालील समुद्राचा काठ. कोळशाचा विस्तव, वर मासळी, बाजूला भाकर. जाळ्यात १५३ मोठे मासे. पेत्र ओल्या अंगाने पाण्यातून येतो, आणि धुराचा वास त्याच्या नाकात जातो. याआधी कोळशाच्या विस्तवाशी तो शेकत होता, तेव्हा त्याने तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं होतं (१८:१८). इथे येशू त्याला आधी जेवायला बोलावतो, त्याच्याशी बोलतो ते नंतर. ऐका, वास घ्या, हात शेका. सोळाव्या शतकातला कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला याच्या आध्यात्मिक साधनेत पाचही इंद्रियांनी प्रसंगात उतरायची हीच रीत आहे, आणि ती कॅथलिकांनीच वापरावी असा काही नियम नाही.

मग वहीत टिपून ठेवा : तो खातो. त्याच्या हातांवर वण आहेत. मग्दालिया मरिया त्याला आधी ओळखत नाही आणि त्याने नाव घेतल्याबरोबर ओळखते. दारं बंद असताना तो आत येतो. देह तोच आणि तरी बदललेला. पौल यासाठी पेरलेल्या दाण्याचं उदाहरण देतो; दाणा पाहून कणसाचा अंदाज बांधता येत नाही, पण गव्हाला गहूच येतो.

‘शरीर जातं, आत्मा फक्त उरतो, तोच खरा’ ही कल्पना आपल्या आसपासच्या बोलण्यात इतकी मुरलेली आहे, की ख्रिस्ती घरातही तीच ऐकू येते. वण असलेल्या हातांसमोर ती टिकत नाही.

## टप्पा ५ : आता कल्पनेला मोकळीक द्या

इथवर आलात, की मोकळेपणाने रंगवा. नियम दोनच. पहिल्या दोन रकान्यांशी भांडण नको, आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘मला वाटतं’ किंवा ‘असेल का?’ हवं.

हे कसं करावं याचा उत्तम नमुना म्हणजे जर्मन प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १९ जून १५३० रोजी कोबुर्गच्या किल्ल्यातून आपल्या चार वर्षांच्या हान्सला लिहिलेलं पत्र. त्यात एक सुंदर बाग आहे. सोनेरी अंगरखे घातलेली मुलं झाडांखालून सफरचंदं, नासपती, चेरी, आलुबुखारे गोळा करतायत, गातायत, उड्या मारतायत. सोन्याचे लगाम आणि चांदीचे खोगीर असलेली छोटी घोडी आहेत. हान्सच्या मित्रांनाही तिथे यायची परवानगी आहे आणि लेना मावशीलाही. यातलं जवळजवळ सगळं तिसऱ्या रकान्यातलं. तरी ते बिघडत नाही, कारण ते एका मुलाच्या मापाचं आहे, त्यात कोणावर जबरदस्ती नाही, आणि ल्यूथरने ते कधी सिद्धांत म्हणून मांडलं नाही.

आपल्याकडचं काही रंगवायला हरकत नाही. प्रकटीकरण ७:९ मध्ये सर्व भाषांचे लोक आहेत, २१:२६ मध्ये राष्ट्रांचं वैभव त्या नगरात आणलं जातं. तेव्हा तिथे कोणीतरी टाळ धरून अभंगाच्या चालीवर भजन म्हणत असेल, असं मला वाटतं. यशया ६५ मध्ये लोक घरं बांधतात आणि त्यात स्वतः राहतात, मळे लावतात आणि त्यांचं फळ स्वतः खातात. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींवर विटा वाहिल्या, त्याच्या घरच्यांना हे वचन वीणांपेक्षा जास्त देऊन जाईल.

‘तिकडे आम्ही नवरा-बायको असू का?’ हा प्रश्न इथेच येतो. लग्न करणं, लग्न करून देणं तिथे नाही, असं येशू सांगतो. ओळख राहत नाही, असं तो म्हणत नाही. दोन्ही गोष्टी सांगा आणि गप्प बसा.

सावधान : ‘मी स्वर्ग पाहून आलो’ अशा कहाण्या या टप्प्यावर आत शिरतात. अमेरिकेत २०१० साली अपघातातून वाचलेल्या एका मुलाच्या नावावर असं पुस्तक निघालं, ते खूप खपलं, आणि २०१५ मध्ये त्याने स्वतःच जाहीर केलं की आपण मेलोही नव्हतो आणि स्वर्गातही गेलो नव्हतो. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. शास्त्राचा संयम पाहा : लाजर चार दिवस कबरीत होता, त्याच्या तोंडचं एक वाक्यही शुभवर्तमानात नाही. पौल चौदा वर्षांनी तिसऱ्या स्वर्गाचा उल्लेख करतो आणि सांगतो, की जे ऐकलं ते उच्चारण्याची माणसाला मोकळीक नाही. मृतांशी बोलणं करून देणाऱ्यांकडे तर जाऊच नका. अनुवाद १८:१०-११ त्याला स्पष्ट मनाई करतं.

## टप्पा ६ : नरकाबद्दल हात आखडता घ्या

शास्त्र नरक टाळत नाही, आपणही टाळू नये. पण इथे मोकळीक कमी आहे.

चित्रं एकमेकांना छेदतात हे आधी पाहा : मत्तय ८:१२ मध्ये बाहेरचा अंधार, २५:४१ मध्ये अग्नी. अग्नी आणि काळोख एकत्र रंगवता येत नाहीत. दोन्ही मिळून देवापासून तुटण्याचं भयंकरपण सांगतात. ‘गेहेन्ना’ ही यरुशलेमेलगतची हिन्नोमची दरी. तिथे एकेकाळी मुलांचे बळी दिले गेले होते, म्हणून ते नाव ऐकूनच अंगावर काटा येई. कढया, शिंगं, यमदूत, चित्रगुप्ताची वही हे सगळं दुसरीकडून आलेलं सामान आहे.

मग एक कडक नियम : कोणत्याही नाव असलेल्या माणसाला त्या चित्रात घालू नका. इग्नेशियसच्या साधनेत नरकावरचं मनन आहे, पण ते करणारा स्वतःकडे पाहतो, शेजाऱ्याकडे नाही. आणि शेवटी ख्रिस्ताशी बोलून, त्याने आजवर दया केली म्हणून आभार मानतो. ल्यूथर १५१९ च्या मरणतयारीवरच्या प्रवचनात सांगतो, की मरणाच्या वेळी नरकाचं चित्र न्याहाळत बसू नये, ख्रिस्ताकडे पाहावं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६३ मध्ये शुद्धिस्थानाबद्दल बोलताना नुसती उत्सुकता चाळवणारे किचकट प्रश्न साध्या लोकांसमोर नकोत, असं सांगितलं. मेलेल्यांचे आत्मे नेमके कुठे आहेत याची चौकशी दुसरा प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन यालाही वेडगळ वाटे. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ही मंडळी इथे एकाच बाजूला आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न घरातला असतो. पहिल्या पिढीतला ख्रिस्ती माणूस विचारतो : माझे आजी-आजोबा हिंदू होते, वारीला जात, ते कुठे आहेत? त्याला नकाशा देऊ नका, ना गोड ना कडू. उत्पत्ती १८:२५ मध्ये अब्राहाम विचारतो, की सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? तेवढं म्हणा. निकाल सांगण्याचं काम तुम्हाला कोणी दिलेलं नाही.

## टप्पा ७ : ऐकणाऱ्याच्या मापाने बोला

लहान मुलासाठी : ‘देवाने नेलं’ आणि ‘देवाला आवडली म्हणून बोलावली’ ही दोन वाक्यं वर्ज्य. ज्या देवाला ताई आवडली, त्याला आई आवडली तर? मूल रात्री जागं राहतं. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर ‘जो आवडतो सर्वांना, तोचि आवडे देवाला’ छापलेलं असतं. ते ख्रिस्ती सांत्वनात उसनं आणू नका. पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो (करिंथकरांस पहिलं पत्र १५:२६). ‘झोपली’ हा शब्द शास्त्रात असला तरी चार-पाच वर्षांच्या मुलासमोर टाळा, नाहीतर ते झोपायलाच घाबरेल. म्हणा : ‘ताई मेली. ती येशूजवळ आहे. एक दिवस येशू सगळ्यांना उठवणार आहे.’ मग मूल विचारेल त्याला उत्तर द्या, न विचारलेल्याला नको.

आजाऱ्याजवळ : नवीन चित्र नेऊ नका. त्याला पाठ असलेलं गीत किंवा स्तोत्र २३ पुरतं.

सांत्वन सभेसाठी : सात-आठ मिनिटं. पहिल्या रकान्यातलं एक वाक्य, दुसऱ्यातलं एक चित्र आणि त्याचा अर्थ. तिसऱ्यातलं फार तर एक, तेही गेलेल्या माणसाच्या आयुष्याशी जुळणारं. स्वर्गात कोण गेलं याची घोषणा करून जमलेल्यांना भीती घालण्याची ही जागा नव्हे. ते प्रवचन एखाद्या वेगळ्या रविवारी.

शेवटची तपासणी : लिहिलेलं एक रात्र तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यात चिकित्सक माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. ‘हे कुठे लिहिलंय?’ असं त्याने मध्येच विचारलं आणि तुम्हाला पान सापडलं नाही, तर त्या वाक्यापुढे ‘मला वाटतं’ जोडा. जोडल्यावर वाक्य लंगडं वाटलं, तर खोडून टाका.